किती नाही

वाळूजहून पहाटे निघाले.
मागच्या सीटवर गुंडाळलेला फ्लेक्स,
मांडीवर समारोप अहवाल, चौतीस पानं.
लाभार्थी एक हजार दोनशे सहा,
त्यात दोघंजण दोनदा मोजलेले,
पण आता पीडीएफ झालाय.

बारा वर्षं हेच करते आहे.
आधी शौचालयं, मग डिजिटल वर्ग, मग पाणी.
यंदा बोर्डाला झाडं हवीत.
दर तीन वर्षांनी कंपनीचा कळवळा कूस बदलतो
आणि मी नव्या सादरीकरणात
जुनाच नकाशा चिकटवते.
आई विचारते, तुझं नेमकं काम काय गं?
देते, मी म्हणते.
कुणाचं?
इथं दरवेळी कुकरची शिट्टी होते.

बीड मागं पडलं. मांजरसुंब्याला
मुजीबभाईंनी रबडीकडे बघून गाडी हळू केली,
माझ्याकडे बघून पुन्हा पळवली.
पाटोद्याच्या अलीकडे डावीकडे कच्चा रस्ता.
बंधाऱ्यावरच्या बोर्डवरचं आमचं नाव
उन्हानं खाल्लेलं,
बाण तेवढा उरलेला, खाली मातीकडे.

कुशावर्ता विहिरीच्या कठड्यावर उभी.
प्रकल्पाची जलदूत, मानधन महिना सहाशे,
मार्चअखेर बंद.
आज मे महिन्यातला सोमवार
आणि तिच्या हातात तोच दोर,
हाताहातावर गाठ, टोकाला ट्रॅक्टरचा नट.
दोर सोडला. बराच वेळ काही नाही.
मग खोल कुठंतरी
कुणी जीभ टाळ्याला लावून सोडावी
एवढाच आवाज.
ओठ हलवत गाठी मोजत वर ओढला.
सत्तावीस.

बंधारा झाला त्या वर्षी मे महिन्यात एकोणीस होत्या.
गेल्या वर्षी चोवीस.
माझ्या एकविसाव्या पानावर लिहिलंय:
पातळीत लक्षणीय सुधारणा.

प्रकल्प संपला गं, मी म्हणाले, पैसे नाहीत आता.
माहितीय की.
मग? मोजून काय पाणी वाढणारंय?
तिनं दोराचा ओला भाग पदरानं पुसला.
'वाढंना का. नाही हे तर दिसायलंयच, मॅडम.
पण किती नाही, ते कळायला नको का?'

वही पोराची. पुढून गणित, मागून विहीर.
दोन सोमवारांपुढे आकडा नव्हता,
तिथं निळ्या शाईत, अक्षर सावकाश:
मोजलं नाही.
सासू गेली त्या पंधरवड्यात, ती म्हणाली,
जशी माझ्याकडे रजा मागत होती.
आमच्या एक्सेलमध्ये अशा जागी
सरासरी भरतात.
मीच शिकवलंय ते, तीन जिल्ह्यांत.

वही संपत आली होती. स्टेशनरीचं खातं गोठलेलं.
पाटोद्याच्या स्टँडजवळून आणलेल्या दोनशे पानी दोन वह्या
तिच्या हातात दिल्या.
बिल घेतलं नव्हतं.
तिनं उलटून किंमत बघितली, चुकचुकली,
मग म्हणाली, ते गाडीतलं फ्लेक्स
लावायचं नसंल तर द्या,
शेळ्याला सावली व्हईल.

मुजीबभाईंनी स्वतः बांधून दिला,
अक्षरं खालच्या बाजूला.
आता आमचं ध्येयवाक्य
सहा शेळ्या आणि एक करडू
रवंथ करत वाचतात.

परतीला अहवाल उघडला.
आज साहेब विचारतील, शेवटी शेवटी निगेटिव्ह कशाला?
उद्या झाडं. झाडांनाही पाणी लागेल,
हे कुठल्या स्लाइडवर टाकायचं ते अजून ठरलेलं नाही.
थकवा आहे. तो खरा आहे.
पेन काढलं तेव्हाही होता.

'सुधारणा' शब्द खोडला.
त्याच्या जागी काय लिहावं
ते घाट संपेपर्यंत सुचेना.
मग नुसता आकडा लिहिला, सत्तावीस,
आणि मागच्या तक्त्यात, त्या दोन चौकटींत,
माझ्या गचाळ अक्षरात,
गाडी हलत असताना,
मोजलं नाही.